वळचा गाळा

१० नोव्हेंबर, सोमवार

गाळा पाहून आले. वळ गावात, गोदामांच्या मागच्या रांगेत. पत्रा नवा, शटर निळं. मालक मनोजने त्याच्या वडिलांच्या शेतावर असे सहा गाळे बांधलेत, त्यातला एक विकायचाय. "मावशी, भाडा घरबसल्या येल. डोक्याला ताप न्हाय."

ह्यांच्या विम्याचे पैसे वर्षभर बँकेत पडून आहेत. भावेश पुण्याहून म्हणतो, "आई, तुला काय कळतं त्यातलं? एफडी कर आणि स्वस्थ बस." स्वस्थच तर बसले आहे! बासष्टाव्या वर्षी माझ्या नावावर एक तरी गोष्ट असावी. आणि – इथे कोण वाचणार आहे – भाडेकरू असला की महिन्यातून एकदा कोणीतरी दार वाजवील.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मनोजचा फोन. बावीस तारखेपर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अफीफा वकिलीणबाईंकडे गेले. बाई कसली, भावेशपेक्षा लहान पोर! पण नजर आमच्या शाळेतल्या सिस्टरांसारखी. मी मनोजने दिलेली ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती ऐटीत पुढे केली. तिने ती बाजूला सरकवली.

"आंटी, घरपट्टी म्हणजे परवानगी नाही. जमीन बिनशेती केल्याचा आदेश कुठे आहे? बांधकामाचा नकाशा मंजूर आहे का? पहले ये सब, टोकन बाद में."

मग माझ्याच फोनवर सातबारा कसा बघायचा ते शिकवलं. तालुका, गाव, गट नंबर – आणि आलाच! शाळेत पहिल्यांदा घड्याळ वाचता आलं होतं तसा आनंद झाला. मनोजच्या नावाखाली आणखी एक नाव. चंद्रा.

"ही कोण?"

"बहीण असणार. वडिलांची वारस. तिची सही नसेल तर उद्या ती नाही तर तिची मुलं तुमच्यावर दावा लावतील."

मनोजला फोन केला. हसला. "बहीनच हाय ना आपली! सही करंल की."

१६ नोव्हेंबर, रविवार

कोणाचा फोन नाही. ह्यांच्या कपाटातले कोट उन्हात घातले, परत ठेवले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नीट लिहायला हवं.

मनोज गाडी घेऊन आला. बहीण कामतघरला राहते, सोबत चला म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या, बाईमाणूस. तिला जरा समजून सांगा." मागच्या सीटवर कागदांची पिशवी आणि साडीचा खोका.

चाळीतली खोली. खाली कापडाचे लूम चालू, आमच्या पायाखालची फरशी थरथरत होती. चंद्रा पीठ मळत होती. भावाला बघून उठली ती अशी, की जणू सणच घरात आला. हात पुसायचंही सुचलं नाही. "दादा, भाऊबीजेला वाट बघितली तुझी."

"कामं व्हती गं. बरं, हितं सही कर. हक्कसोड हाय. परवा निबंधकाकडं जायचा."

तिने पेन घेतलं. वाचलं नाही. "कुठं करू?"

आणि मी कागदावर हात ठेवला! कसा ठेवला, मला कळलं नाही. म्हटलं, "आधी वाच. तुझा हिस्सा सोडतेयस तू."

ती माझ्याकडे बघून हसली. "वाचून काय करू, बाई? भाऊ तुटंल."

मनोज लाल झाला. "मावशी, तुम्ही गाला घ्यायला आल्याव का मोडायला?"

रिक्षाने एकटी परत आले. चंद्राने सही केली की नाही, ठाऊक नाही.

असंच पेन, "कुठं करू?" हाच प्रश्न. १९९६ची भाऊबीज. बाबा त्याच वर्षी गेले होते. माहेरी, दिघाशीच्या घरी ओवाळून झालं आणि काकांनी स्टॅम्पपेपर पुढे केला. "तुझा वाटा बापानं ठाण्याच्या कॉन्व्हेंटात घातलाय, पोरी. केसरीला काय मिळालं?" खरंच होतं. माझा धाकटा भाऊ केसरीनाथ गावच्या शाळेत सातवी झाला आणि नांगराला लागला. मी वसतिगृहात लोणी-पाव खाल्ला. म्हणून सही केली. वळणदार, इंग्रजी, न वाचता. केसरी खाली बघत उभा होता. एक शब्द बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मी मनात धरून बसले. पुन्हा कधी दिघाशीला गेलेच नाही.

हे गेले तेव्हा केसरी आला होता. दाराशीच उभा राहिला, चपला हातात. निघताना म्हणाला, "आक्का, एकदा ये. एक कागद दाखवायचा हाय." मनात आलं, आणखी एक सही! मी दार लावून घेतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अफीफाला सांगितलं, गाळा नको. तिने कारण विचारलं. मी १९९६ सांगून टाकलं. परक्या पोरीला!

तिने वकिलासारखंच विचारलं, "नोंदणी झाली होती? कार्यालयात गेला होतात दोघं?"

"नाही. घरीच. देव्हाऱ्याजवळ."

"मग तो कागद कच्चा आहे, आंटी. पुढे काही केलं का त्यांनी? सातबारा बघितला कधी?"

काय बघायचं त्यात!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोनवर तालुका निवडला. गाव – दिघाशी. बंद केला. चहा केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद.

२२ नोव्हेंबर, शनिवार

टोकनची तारीख. मनोजचा फोन आला नाही.

दुपारी बघितलं. कमळ धर्मा तरे. मी! लग्नाआधीची, अख्खी. खाली केसरीनाथ धर्मा तरे.

चूक असेल. बाबांच्या वेळची नोंद राहिली असेल. अफीफाला जुना फेरफार, म्हणजे वारसांची नावं चढवल्याची नोंद, काढायला सांगितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नक्कल आली. मार्च १९९७. भाऊबीजेनंतर चार महिन्यांनी. अर्ज केसरीनाथचा, जबाब केसरीनाथचा, सही केसरीनाथची. "मयतास मुलगी कमळ व मुलगा केसरीनाथ असे दोनच वारस आहेत. दुसरे कोणी नाही."

दिघाशीला रिक्षा कुठून मिळते, हेसुद्धा आता मला कोणाला तरी विचारावं लागेल.