सर्वात मोठा कंडेन्सर

सोमवार, ४ मार्च
सासऱ्यांची बोट रविवारी माझी होणार. अट एकच: तिची जुनी मोटर चालू करून दाखवायची. नाहीतर पलीकडच्या काठावरचा लाकूडवाला बोट फोडायला नेणार. बंद का पडली, कळत नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतः फ्लायव्हील काढून आत ग्रीस चोपडलं होतं. एक कोपरा कोरडा ठेवला नाही. तेव्हापासून बंद.
संकल्प: फेरी सेवा काढायची, नोकरीला रामराम.

मंगळवार, ५ मार्च
निदान झालं. स्पार्क नाही, म्हणजे कंडेन्सर गेला. दुसरं काही असूच शकत नाही, बाकी सगळ्याला ग्रीस लावलेलं आहे. सासरे म्हणाले, त्यावर आकडा आहे, त्याच आकड्याचा आणा. आकडा सापडेना. सकाळीच मी कंडेन्सर पॉलिशपेपरने घासून लख्ख केला होता.

बुधवार, ६ मार्च
स्पेअर पार्टवाल्याला म्हटलं, सर्वात मोठा द्या. तो म्हणे, असल्या मोटरला साधारण पॉइंट पंचवीसचा लागतो, मोठा लावून उपयोग नाही. छोटा माल खपवायचा असणार. रिकाम्या हाताने निघालो, पण ताठ मानेने. शेजारीच पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली: 'संचालक, जलप्रवास सेवा'. कागद सर्वात जाड.

गुरुवार, ७ मार्च, दुपार
लाकूडवाला येऊन टेपने बोट मोजून गेला. सासरे त्याला चहा देत होते. लग्नाला बारा वर्षं झाली, सासऱ्यांनी माझ्या एकाही कामाला बरं म्हटलेलं नाही. एकदा म्हणावं, बस्स.

शुक्रवार, ८ मार्च
कंडेन्सर घरातच होता! बेडरूमच्या पंख्याला. अडीचचा. म्हणजे दहापट. काढला. जुना कचऱ्यात. पंखा का फिरत नाही, असं बायकोने विचारलं. वीज वाचवतोय म्हटलं.

शनिवार, ९ मार्च
अडीचचा आत मावत नाही. बाहेर चिकटपट्टीने बांधला. मोटरची दोरी एकशे चाळीस वेळा ओढली. खांदा कामातून गेला. बायको म्हणाली, ग्रीस नक्की कुठेकुठे लावलंस, ते बाबांना सांग. हिला मोटरमधलं काय कळतं!

रविवार, १० मार्च, सकाळी ९
लाकूडवाला धक्क्यावर हजर. सासऱ्यांनी चिकटपट्टी सोडली. फ्लायव्हील काढलं. आत वाकून बघितलं. बायकोने पर्समधून जुना कंडेन्सर काढून दिला, कचऱ्यातून उचललेला. तो त्यांनी परत बसवला. मग सासऱ्यांनी एखादा जाड कागद मागितला. मी कार्ड दिलं. ते ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत घालून त्यांनी चारदा ओढलं. काळंकुट्ट ग्रीस निघालं. बायकोने दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मोटर सुरू.

सकाळी ११
लाकूडवाला हात हलवत परत गेला. बोट वाचली. बायकोला मिळाली. ती चालवत होती, सासरे शेजारी. बोट पुढून हलकी पडते म्हणून मला टोकाला बसवलं होतं. अर्ध्या नदीत सासरे पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलले.
"जावईबापू, कार्ड बरं आहे. आणखी असतील तर हत्यारांच्या डब्यात ठेवा."
चारशे नव्व्याण्णव आहेत. ठेवली.