दुसरं कडवं

ता. ३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा घाट. तुझ्या बाबांशी माझं लग्न झालं तेव्हा तू आली नाहीस. तुला ताप आहे असं सगळ्यांना सांगितलं गेलं आणि मीही मान डोलावली. आता तुझ्या मामांची बदली झाली आहे. त्यांच्यासोबत दूर जायचं की इकडे घरी परतायचं, हे त्यांनी तुझ्यावर सोडलंय. ठरवण्याआधी माझी ओळख तरी असावी, म्हणून लिहिते.

मी एका कंपनीत नोकरी करते. सुटीच्या दुपारी भरतकाम करते. शब्दकोड्यांचा नाद आहे, तीही खालून वर सोडवते. कपडे वाळत घालताना गुणगुणते, पण एकाही गाण्याचं दुसरं कडवं येत नाही. मांजरांवर तर माझा फार जीव. तुमचा बोका, साहेब, जेवण झालं की हक्कानं माझ्या मांडीवर येऊन बसतो.

तुझी खोली आहे तशीच आहे. पडदे धुवायचे म्हणून बाबा रोज काढायला जातात आणि तसेच परत येतात.

लोभ मागावा एवढी आपली ओळख नाही, म्हणून सध्या ओळखच मागते.

तुझ्या बाबांची बायको
(दुसरं काय लिहावं, सुचेना.)

ता. ११ मार्च

स. न. वि. वि.

मामी म्हणाली, असा मायना ऑफिसला लिहितात, घरच्यांना नाही. मी मुद्दामच लिहिलाय.

तुमचं पत्र वाचून माझं डोकं सणकलं. भरतकाम, खालून वर शब्दकोडं, एकच कडवं, ही तर माझी आई आहे! आणि साहेब आईशिवाय कुणाच्याही मांडीवर बसत नाही, माझ्यासुद्धा नाही. मी पत्र फाडायलाच घेतलं होतं. मामानं ते हातातून काढून घेतलं आणि विचारलं, की त्यांना हे सगळं सांगितलं कुणी असेल?

बाबांशिवाय कोण सांगणार!

आई गेल्यावर आठवड्याच्या आत बाबांनी तिचे कपडे, फोटो, सुईदोरे माळ्यावर टाकले. तिचा विषय काढला की उठून जायचे. मला वाटलं, विसरले. त्याच रागानं मी इकडे आले. आणि ते दुसऱ्या कडव्याचं तर मीच विसरले होते. पत्रात वाचलं आणि ओले कपडे झटकणारी आई समोर दिसली. मी इतकी रडले की मामी घाबरली.

मी तुमचे आभार वगैरे मानत नाहीये. पण तुम्ही खरंच कोण आहात? बाबांना न विचारता लिहा.

लोभाचं नंतर बघू.

ठकू

ता. १९ मार्च

चि. ठकूस अ. आ.

तुझं पत्र बसथांब्यावर वाचलं आणि वाचता वाचता बस निघून गेली. ते सगळं तुझ्या आईचं आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. मुलीला काय आवडेल ते सांगा म्हटलं, तर तुझे बाबा सांगतच सुटले आणि मी खुळ्यासारखं उतरवून घेतलं. किती खुशीत होते! तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुला तुझे बाबा परत मिळाले याचा आनंद आहे. पण मला त्यांनी कुणाच्या जागी बसवलंय तेही कळलं, आणि ते फार लागलं, ठकू. तुझ्याजवळ हे बोलू नये, पण एकदा खोटं लिहून पस्तावले आहे.

तर मी अशी: बंदरावर क्रेन चालवते. मुलगी घाबरेल म्हणून बाबांनी ते गाळायला लावलं होतं. उंच केबिनमध्ये दिवसभर एकटी असते, म्हणून खाली उतरले की जरा जास्तच बोलते. सुई हातात धरली की हमखास टोचून घेते. छंद म्हणशील तर बिघडलेले रेडिओ उघडणं. परत जोडता येतातच असं नाही. माझं एक कासव आहे, एक्सप्रेस नावाचं. साहेबाच्या धास्तीनं त्याला बहिणीकडे ठेवून आले आणि रोज त्याची आठवण काढते. साहेबाला मीही भिते. तो कोचावर ऐसपैस आणि मी स्टुलावर, असं आमचं चाललंय.

काल तुझं पत्र बाबांना वाचायला दिलं. ते रडले, मग माळ्यावर चढून आईचा फोटो खाली आणला. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, आता माझ्याबद्दल लिहा. बराच वेळ पेन चावत बसले. शेवटी एवढंच लिहिलं, की दार फार आपटते. खरं आहे ते. केबिनचं दार आपटल्याशिवाय लागत नाही, हाताला तीच खोड. तक्रार तर तक्रार, पण माझी स्वतःची आहे. कागद जपून ठेवलाय.

लोभ जमेल तेव्हा, जमेल तेवढा.

क्रेनवाली

ता. २६ मार्च

ती. क्रेनवाल्या मावशीस सा. न.

मामाला सांगून टाकलंय, मी घरी जाणार. शनिवारी येते. बाबांना म्हणावं, पडदे राहू द्या. मला भीती वाटते, की मी प्रत्येक खोलीत आईला शोधीन आणि त्याचा राग तुमच्यावर काढीन. नीट वागेनच असं नाही, आधीच सांगून ठेवते.

एक्सप्रेसला घेऊन या. साहेब त्याला काही करणार नाही, फार तर त्याच्यावर बसेल.

लोभाचं आल्यावर समोरासमोर बोलू.

ठकू

ता. क. आई दार फार हळू लावायची, कुणाची झोप मोडू नये म्हणून. त्या दिवशी पहाटे दवाखान्यात गेली, तेव्हाही मला जाग आली नाही. ती परत आलीच नाही. तुम्ही दार आपटत जा. मी झोपलेली असले तरी.