झिपऱ्याच्या अकरा गाठी

२ मार्च, सोमवार

अकरा गाठी! दोनदा मोजल्या. कानांमागे दोन, पुढच्या दोन्ही काखांत मिळून चार, मांड्यांवर तीन, शेपटीखाली एक. आणि पोटाखाली एक, ती तर चपलेच्या टाचेएवढी.

आठ महिने हे कुत्रं माझ्या पायांत घुटमळतंय आणि मला एकही दिसली नाही. लाज वाटली पाहिजे. कळल्या त्या ह्यांना. दुपारी झिपऱ्या नेहमीसारखा खुर्चीला टेकून बसला होता. ह्यांचा डावा हात त्याच्या पाठीवर. उजवा गेल्या जुलैत गेला, अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी. त्याच सकाळी वाचाही गेली. तर डावा हात फिरत फिरत कानामागे गेला आणि थांबला. बोटं तिथेच चाचपडायला लागली. मी म्हटलं, "काय झालं हो?" बघते तर डोळ्यांना धार.

बारा वर्षं एक रविवार चुकवला नाही ह्या माणसाने. ताप असला तरी मफलर गुंडाळून मागच्या ओट्यावर. झिपऱ्याचा एक केस दुसऱ्या केसात अडकलेला चालायचा नाही ह्यांना. आणि मी काय केलं? औषधं, मालिश, पथ्य, सगळं वेळेवर. झिपऱ्याला पोटभर घातलं, बस्स. त्याचे केस ही काही माझ्या खात्याची गोष्टच नव्हती.

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. पोटाखालची गाठ जरा उचलून बघितली तर आत लाल, ओलसर. वास पण. "कातडीला हवाच नाही, आजी. आत सडत चाललंय."

मी म्हटलं, भूल द्या आणि सगळं भादरून टाका. तर म्हणे, तेरा वर्षांचा आहे, हृदय थकलंय, भूल सोसायची नाही. भुलीशिवाय मशीन लावावं तर हा टेबलावरून उडी मारतो. मागे एकदा मारलीच होती. कात्रीला तर हातही लावायचा नाही — गाठीत कातडी ओढली गेलेली असते, केस समजून तीच कापली जाते.

"घरीच सोडवा. हळूहळू. पंधरा तारखेला मी येते. तोवर पोटाखालची नाही सुटली तर भूल देऊनच काढू. मग मात्र मी शब्द देत नाही."

हे खुर्चीत बसून ऐकत होते. वाचा गेली म्हणून कान गेलेत थोडेच!

५ मार्च, गुरुवार

मोठा घोळ घातला. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते.

मला वाटलं, कोमट पाण्याने गाठी सैल होतील. कपड्यांचा डाग कसा भिजवून ठेवतो, तसं. झिपऱ्याला पाणी आवडतं. मुकाट उभा राहिला. चांगला साबण लावून आंघोळ घातली, टॉवेलने खसाखसा पुसलं. आणि संध्याकाळी वाळल्यावर बघते, तर गाठी दगड! आवळून आवळून नुसते लोकरीचे गोळे झाले. बोटाचं टोक शिरेना.

"आधी कंगवा, मग पाणी. गाठीला पाणी दाखवायचं नाही." बारा वर्षं ऐकलं हे. मी म्हणायचे, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, ह्याला कशातही क्रम लागतोच! आणि पुसायचं तेही दाबून, घासून नाही. तेही आज आठवलं. पुसून झाल्यावर.

६ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. "आई, सरळ कापून टाक ना." कापून टाक म्हणे! हिने लहानपणी च्युइंगम केसांत चिकटवलं होतं तेव्हा बाबांनी दोन तास बसून सोडवलं होतं. कापू दिलं नव्हतं.

७ मार्च, शनिवार

आज अगदी गोड बोलून बघितलं. "ये रे माझ्या राजा, ये सोन्या, काही करणार नाही हं मी तुला..." माझा टेलिफोनवरचा आवाज. एकतीस वर्षं ऑफिसच्या टेलिफोन-बोर्डावर बसले. लोक म्हणायचे, बाई, तुमचा आवाज ऐकला की निम्मा राग जातो. झिपऱ्या दोन पावलं मागे सरकला. मग चार. मग पलंगाखाली.

मी पोटावर झोपून पलंगाखाली गोड गोड बोलतेय आणि तो भिंतीला चिकटून थरथरतोय. हे खुर्चीतून बघत होते. मान हलवत होते. नाही-नाही अशी. मग काय करू ते सांगा की! पण कसं सांगणार.

८ मार्च, रविवार

रविवार. मागच्या ओट्यावर ऊन आलं होतं आणि तिथे कुणीच नव्हतं.

आठवतं ते सगळं. जुनी निळी चादर अंथरायची. डबा उघडायचा — बिस्किटांचा जुना डबा, त्यात दोन कंगवे, रुंद दातांचा आणि बारीक दातांचा, तारांचा ब्रश, कॉर्नफ्लोअरची पुडी, आणि घड्याळं उघडायचा तो चिमटा. त्याने गोचीड काढायचे, डोळ्याला भिंग लावून! मी हसायचे. "काटा सरकतोय का बघा," म्हणायचे. सुरुवात मागच्या पायापासून, खालून वर. केस मुळाशी दोन बोटांत धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. गाठ आली की कॉर्नफ्लोअर चोळायचं, आधी बोटांनी टोकाकडून सोडवायची, मग कंगव्याच्या कडेने. आठवड्यातून दोन उकडलेली अंडी, तकाकी येते म्हणून. मला कधी कुणी अंडं उकडून दिलं नाही, पण असो.

आणि दार बंद. "केस घरात उडतील, तू ओरडशील." मी आत चहा करत असायचे. दाराआडून काहीबाही पुटपुटणं ऐकू यायचं. मला वाटायचं, कुत्र्याशी लाडाने बोलत असतील. मधूनच झिपऱ्या शेपूट आपटायचा, धप धप. तासाभराने दार उघडायचं आणि झिपऱ्या नवऱ्यामुलासारखा चालत आत यायचा.

एकदा तरी दार उघडून बघायचं होतं. काय घाई असायची मला एवढी, कुणास ठाऊक.

९ मार्च, सोमवार

कंगवा दिसताच चावला. दात लागले नाहीत. पण लागलं.

१० मार्च, मंगळवार

आज जे कळलं ते ऐकून मी ओट्यावर मटकन बसलेच.

ओट्याच्या भिंतीपलीकडे शिंप्यांची खिडकी. वीस वर्षांचा शेजार. मी झिपऱ्याला ओट्यावर ओढत होते, तो पाय रोवून उभा. शिंपी मशीन थांबवून म्हणाले, "वहिनी, असं नाही यायचा तो. भाऊ तुमचा आवाज काढायचे ना."

"माझा आवाज?"

मग बिचारे गडबडले. जीभ चावली. पण मी सोडते होय! सगळं बाहेर काढलं. दर रविवारी हे महाशय कुत्र्याला विंचरताना माझी नक्कल करायचे! मी ह्यांना आठवडाभर जे जे बोलले असेन ते सगळं, माझ्याच सुरात, त्या कुत्र्याला ऐकवायचे. "अहो, कानांत काय बोळे घातलेत?" म्हटलं की झिपऱ्या कान पुढे करायचा. "पाय पुसून आत या!" म्हटलं की पाय. शिंपी रविवारी सकाळी मशीन बंद ठेवायचे. ऐकायला! बायकोलाही खिडकीत बोलवायचे!

म्हणून दार बंद होय!

बारा वर्षं! आणि मी आत ह्यांच्यासाठी चहा करतेय!

"शेवटचं वाक्य तर काय असायचं वहिनी! मोठा उसासा टाकून म्हणायचे. आम्ही पोट धरून हसायचो. तेच नेमकं आठवत नाही बघा. हल्ली तुमच्या तोंडूनही ऐकलं नाही."

तोंडून ऐकलं नाही म्हणे. म्हणजे आम्ही दोघंही ऐकू जातो पलीकडे.

११ मार्च, बुधवार

रात्रभर धुमसत होते. सकाळी पेज भरवताना विचारलंच. "माझी नक्कल करत होता? कुत्र्यापुढे? खरं की खोटं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ओठाची डावी बाजू वर गेली. मग खांदे हलायला लागले. पेज हनुवटीवर आली. हसत होते! जुलैपासून पहिल्यांदा हसले, तेही मला!

मीही मग चमचा ठेवला आणि हसले. मग रडले. मग तोंड पुसलं — आधी ह्यांचं, मग माझं.

१२ मार्च, गुरुवार

केलं धाडस. निळी चादर, डबा, कॉर्नफ्लोअर. शिंप्यांची खिडकी उघडी होती ती आधी बंद करायला लावली. मग कमरेवर हात ठेवून झिपऱ्याला म्हटलं, "अहो! हाका मारून घसा कोरडा पडला माझा. येताय की नाही?"

आला. गुमान. चादरीवर आडवा.

"कानांत काय बोळे घातलेत?" कान पुढे! अगदी हातात आणून दिला. कॉर्नफ्लोअर चोळलं, मुळाशी धरलं, टोकाकडून एकेक केस. अर्धा तास लागला. सुटली! दुसरीही सुटली.

म्हणजे मी गोड बोलत होते तेच चुकत होतं. गोड आवाज म्हणजे फोनवरची परकी बाई. ह्या घरातली बाई कशी बोलते ते त्याला पक्कं ठाऊक.

१३ मार्च, शुक्रवार

"पाय पुसून आत या" — पुढचे दोन्ही पाय. काखेतल्या चारही गेल्या. "तोंड फिरवू नका, मी तुमच्याशी बोलतेय" — तोंड माझ्याकडे. "सरका, झाडू दे" म्हटलं की शेपूट बाजूला!! हे मला माझंच सुचलं. शेपटीखालचीही सुटली.

एकेक वाक्य तोंडातून काढताना वाटत होतं, मी एवढी बोलत होते? रोज? आणि ह्यांनी एकूण एक शब्द लक्षात ठेवला. मला वाटायचं, एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात.

दुपारी बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चित्रांची कार्डं. चेंडू. घर. पाणी. ह्यांनी तोंड उघडलं, आवाज नाही. बाई हल्ली येताना हसतात, जाताना हसत नाहीत.

१४ मार्च, शनिवार

मांड्यांवरच्या तीन झाल्या. दहा. राहिली ती एकच — पोटाखालची. तीच खरी.

तिथे हात पोचायला त्याने उताणं व्हायला हवं. बळेच उलटा करावा तर धापा टाकतो, हृदय कुठून कुठे उडतं हाताखाली. भीती वाटते. सगळी वाक्यं म्हणून बघितली. "चहा निवला!" "वर्तमानपत्र खाली ठेवा!" "किल्ल्या जागेवर का नसतात?" "केस चहात निघाला तर बघा!" कान देतो, पाय देतो, शेपूट आपटतो. पोट देत नाही.

शिंप्यांना पुन्हा विचारलं. त्यांच्या बायकोलाही. दोघं आठवून आठवून दमले. "शेवटचं वाक्य, वहिनी. शेवटच्या वाक्यालाच तो उलटा व्हायचा."

ह्यांना म्हटलं, "अहो, काय म्हणायचात शेवटी?" ओठ हलले. घशात काहीतरी घरघरलं. मग मान खाली. पुन्हा विचारलं नाही मी. उद्या डॉक्टरीणबाई अकराला येतील. भुलीचं सामान घेऊन.

झिपऱ्या, असं नको करूस रे. तू गेलास तर ह्यांचा डावा हात कुठे ठेवू?

१५ मार्च, रविवार

ऊन ओट्यावर होतं. ह्यांची खुर्ची ढकलत ओट्यावर आणली, चादर पुढ्यात. मला येत होतं नव्हतं ते सगळं बोलून झालं. झिपऱ्या ढिम्म. दहा वाजले. कंगवा टाकला आणि बसले खाली.

आणि खुर्चीतून — घोगरा, तुटका, पण सूर थेट माझा —

"माझं... मेलीचं... ऐकतंय कोण!"

झिपऱ्या उताणा. चारी पाय वर.

जुलैपासून हे वाक्य माझ्या तोंडी आलंच नव्हतं.

केस मुळाशी ह्यांनी धरले, डाव्या हाताने. कंगवा मी. सुटली. मी म्हटलं, "ऐकतेय मी. पुन्हा म्हणा."

म्हणाले!