बाई जाग्या होत्या

टॅलोवा, मिसिसिपी
९ मार्च

आदरणीय ओडेसा पेटवेबाई,
सादर नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला आता कमी आहे. रविवारी चर्चमध्ये तुम्ही आणलेला मक्याचा पाव तिनं जवळजवळ एकटीनंच संपवला, आणि वर म्हणते, "ओडेसा लोण्यात हात आखडते!"

त्याच दिवशी पायरीवर तुम्ही मला थांबवलंत. "व्हर्लीन, तू तर तिथेच होतीस. माझ्यात काय खोट दिसली गं त्यांना?" मी म्हणाले, "काही नाही बाई, नशिबाचा भाग. गळतात नावं अशी."

बाई, नावं अशी गळत नाहीत.

एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ज्युरीचं बोलावणं आलं, म्हणून तुम्ही नवी निळी टोपी घालून आला होतात. दुसऱ्या रांगेत ताठ बसून प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होतात. माझ्याकडे पाहून हसलातही. मी कागद चाळत राहिले.

आमच्या सरकारी वकील कचेरीत आम्ही सात वकील, काळी मी एकटी. तीन वर्षांत एकही खटला माझ्या हाती दिला नाही, पण माहितीपत्रकावर पहिला फोटो माझा! रॉस्को टिबेटवरच्या दरोड्याच्या खटल्याआधी आमचे मुख्य सरकारी वकील मॅक्लॉरिनसाहेब म्हणाले, "माझ्या शेजारी बस. बोलायचं काही नाही. नुसतं दिसायचं."

मी बसले. साहेबांनी ज्युरीच्या यादीतून पाच नावं खोडली. पाचही आपल्या काळ्या माणसांची. रंग पाहून नावं खोडणं बेकायदा आहे, अशी टिबेटच्या वकिलांनी हरकत घेतली, तेव्हा न्यायाधीशांनी तुम्हा सगळ्यांना बाहेर पाठवून कारणं विचारली. चौघांची कारणं साहेबांनी कशीबशी रचली. तुमच्या नावाशी मात्र अडले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मिस गॅड्सडन सांगतील."

मी उठले. "पेटवेबाईंचं लक्ष नव्हतं, महोदय. त्या डुलक्या घेत होत्या."

त्या कोर्टात तीन वर्षांत मी उच्चारलेली ही पहिली वाक्यं.

न्यायाधीश म्हणाले, "मिस गॅड्सडनच सांगतायत, म्हणजे रंगाचा प्रश्नच उरत नाही." माझी कातडी त्यांनी ढालीसारखी पुढे धरली, बाई, आणि मी ती धरू दिली. अकरा गोरे आणि एक काळा अशा ज्युरीनं टिबेटला दोषी ठरवलं. अठरा वर्षं! त्यानं दरोडा घातला की नाही, मला ठाऊक नाही. पण ते ठरवायला कोण बसणार, हे माझ्या खोटेपणानं ठरलं.

काल मी टिबेटच्या वकिलांना शपथपत्र लिहून दिलं. साहेबांना तासाभरात कळलं. "तुला इथे कुणी आणलं, विसरलीस?"

"नाही साहेब. आणि कशासाठी आणलं, तेही नाही."

दुपारपर्यंत माझं टेबल रिकामं झालं. कोर्टात खोटं बोलले म्हणून माझी सनद बहुधा जाईल. साहेब मात्र नोव्हेंबरात लोकांच्या मतांवर पुन्हा त्याच पदावर निवडून येतील आणि माझ्या खुर्चीवर दिसायला दुसरी कुणी शोधतील. याची चीड मला गप्प बसू देत नाही. स्वतःची चीड तर त्याहून जास्त.

चोवीस तारखेला सुनावणी आहे. टिबेटचे वकील तुम्हाला साक्षीला बोलावतील. जा, बाई. जे घडलं ते सांगा, आणि माझं नाव आलं तर मला सांभाळून घेऊ नका.

क्षमा मागत नाही. चर्चच्या पायरीवर तुम्ही स्वतःहून संधी दिली होती, तेव्हाही मी खोटंच बोलले.

तुमच्याबद्दल दोनदा खोटं बोललेली,
व्हर्लीन गॅड्सडन