खडू लागलेली बाही

ओआहाका शहर, मंगळवार

प्रिय ओतिलिया,

मी ठणठणीत आहे. कोर्टासमोर गरम तमाले मिळतात, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे? टर्की अंड्यांवर बसली का?

आज आपल्या खटल्याचा निकाल लागला. इथल्या लोकांना हसू येतं, पण आपल्याकडे मत म्हणजे फळ्यावरची रेघच. दादाविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रिसोफोरोने दादाच्या नावाखालच्या रेघा बाहीने पुसल्या, अशी आपली तक्रार. तो म्हणाला, "मी फळ्याला शिवलोसुद्धा नाही."

मग मतदानाचा व्हिडिओ भिंतीवर लावला. त्यात तू त्याच्या बाहीवरचा खडू झटकत होतीस. हसत! न्यायाधीशबाईंनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा बघितला आणि मलाही बघायला लागला. माझ्या सदऱ्याला पीठ लागलं की मात्र "तुमचं तुम्ही झटका" म्हणतेस.

त्या खडूवरच निवडणूक रद्द झाली. वकील माझी पाठ थोपटून म्हणाला, "वहिनींनी वाचवलं!" दादाने तर मिठीच मारली. मी कसाबसा हसलो.

रविवारी पुन्हा मतदान आहे. त्याच्या बाहीला खडू लागलाच, तर राहू दे. कोर्ट बघून घेईल.

तुझाच (तू कुणाची, ते उलटटपाली कळव),
फिदेन्सियो