सरांनी टाकलेला टॉवेल

सर,

आज गोडदेवच्या शाळेच्या हॉलमध्ये बॉक्सिंगच्या तासाला एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, कोचने टॉवेल टाकला म्हणजे आपण घाबरलो, असंच ना?" बाकीच्या मुली हातांना पट्ट्या गुंडाळता गुंडाळता थांबल्या. मी त्यांना तुमच्याकडून ऐकलेलंच सांगितलं. पूर्वी उघड्या मुठींनी लढायचे. माणूस खाली पडला की फेरी संपायची, आणि अर्ध्या मिनिटात तो मधल्या रेघेपाशी येऊन उभा राहिला नाही तर हरला. त्याचा सोबती ओला स्पंज घेऊन कोपऱ्यात असायचा, तोंड पुसायला. आपल्या माणसाचं आता काही खरं नाही असं दिसलं की लढत थांबवायला तो तोच स्पंज वर उडवायचा. टॉवेल नंतर आला.

हे सगळं तुम्ही सांगायचात ते हाटकेशच्या तुमच्या घरात, ओट्याला टेकून. कारखान्यात दिवसभर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून काळी झालेली तुमची बोटं, त्याच बोटांनी तुम्ही माझ्या पट्ट्या बांधताय. काकी बाजूला भाकऱ्या भाजतायत. तुम्ही म्हणताय, ग्लोव्ह्ज आले ते मुठी वाचवायला. मुठी वाचल्या आणि लोक डोक्यावर जास्तच मारायला लागले. रिंग चौकोनी असून तिला रिंग का म्हणतात, तर आधी बघणारेच गोल करून उभे राहायचे. बायकाही तेव्हापासून लढत होत्या, पण ऑलिम्पिकमध्ये त्यांना घेतलं ते अगदी अलीकडे, मी शाळेत असताना. हे सांगून तुम्ही गाठ जरा जास्तच घट्ट केलीत.

मग ती राज्य स्पर्धेची फायनल. शेवटची फेरी चालू होती, मी उभी होते, आणि तुमचा टॉवेल माझ्या पायाशी येऊन पडला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही मला हरवलंत, सर." तुम्ही माझं हेडगार्ड सोडवत एवढंच बोललात, "चल, आधी डॉक्टरकडे जाऊ." मी आले नाही. नंतर तुमच्या घरीही आले नाही. सर आजारी आहेत, असा काकींचा दोनदा निरोप आला. मी प्रॅक्टिसचं कारण सांगितलं. तिसरा निरोप आल्यावर मी पोहोचले, तेव्हा दाराबाहेर चपलांची रांग लागली होती.

आज मुलींना हेही सांगितलं. ती प्रश्नवाली म्हणाली, "टॉवेल नसता पडला तर तुम्ही जिंकला असतात का?" मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना दोरीउड्या मारायला लावल्या. हे पत्र काकींना नेऊन दाखवावं असं मघाशी वाटलं होतं, पण राहू दे, वहीतच ठेवते. त्या फायनलच्या दुसऱ्या फेरीत कानाजवळ एक ठोसा बसला, तेव्हापासून मला समोरची मुलगी दोन-दोन दिसत होती. कोपऱ्यात तुम्ही विचारलंत, नीट दिसतंय ना, आणि मी हो म्हणाले. टॉवेल पडल्यावर, राग येण्याआधी, मला क्षणभर बरं वाटलं होतं, सर.