जिन्यातली नाकं

३ मार्च, सोमवार

काम पुसण्याचं नाहीच! आज तिथे गेल्यावर कळलं.

मास्तरांनी दुकानात एवढंच सांगितलं होतं – मोठ्या घरच्या जिन्यात पूर्वजांची पाच तैलचित्रं आहेत, धूर बसलाय, साफ करून ये. मी कापूस, टर्पेंटाइन, बारीक कुंचले घेऊन गेलो. थोरले मालक चिखलाच्या बुटांनिशी जिन्यात उभे. म्हणाले, "नाकं बदलायची आहेत."

मी "बरं" म्हणालो. नेहमीसारखंच, काही न समजता.

मग त्यांनी समजावलं. त्यांना मूल नाही. धाकट्या मालकांना चार वर्षांचे असताना मुलगा म्हणून कुठूनतरी आणलं, आणि भाऊबंदांना सांगितलं की दूरच्या शाखेतला आहे, आपल्याच रक्ताचा. कारण जमीन रक्ताबाहेर द्यायची नाही, हा घराण्याचा जुना नियम. येत्या तेवीस तारखेला सगळे जमणार आणि धाकटे वारस की नाहीत ते ठरवणार. नाही ठरलं तर मालकांच्या मागे जमीन, घर, सगळं चुलत घराण्यांत वाटलं जाणार, धाकट्यांनी चालतं व्हायचं. मालकांच्या एका चुलत भावाला सगळे भिंगकाका म्हणतात (खिशात कायम भिंग!). त्यांनी आधीच जाहीर केलंय, "पोराला चित्रांखाली उभा करू. रक्त असेल तर दिसेल."

चित्रांतली पाचही नाकं सरळ, बारीक, टोकाला किंचित वाकलेली. धाकट्यांचं नाक रुंद, मधे उंचवटा.

"पोराचं नाक काही बदलता येत नाही," मालक म्हणाले. "यांचं येतं. हे कुठे तक्रार करायला येणारेत?"

पण चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतील ना?

"रोज हा जिना चढणाऱ्याला विचार, माझ्या पणजोबांचा तीळ कुठल्या गालावर. नाही सांगता यायचा."

मी वळून पाहिलं. तीळ कुठल्याच गालावर नाही.

४ मार्च, मंगळवार

झोप लागली नाही. ही दुरुस्ती की लबाडी? मास्तरांना विचारलं. "आपण नाक रंगवतो, अब्रू नाही. जा कामाला!"

त्यांचं काय जातंय. पकडलं गेलं तर धाकट्यांचं घर माझ्या कुंचल्यापायी जाणार.

'दत्तक' शब्द कोशात पाहिला. नीट समजला. तरी काही नीट समजलं नाही.

६ मार्च, गुरुवार

धाकट्यांना समोर बसवून नाकाची रेखाटनं केली. समोरून, दोन्ही बाजूंनी. सव्वीस वर्षांचे आहेत, माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, पण बोलणं नाही. सगळा वेळ खिडकीबाहेर नजर. गर्विष्ठ असावेत. एवढी जमीन आयती मिळणार म्हटल्यावर कोण नसेल!

नाकपुडी कशी फुलते ते बघायचं होतं म्हणून थोडं हसायला सांगितलं.

"पूर्वज हसतायत का?"

नाहीत.

"मग राहू दे."

१० मार्च, सोमवार

हे काय झालं!

पणजोबांचं वार्निश काढत होतो. कापूस गुलाबी झाला. इतका जुना रंग असा सुटत नाही, म्हणजे वरचा थर नंतरचा. तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. बारीक नाकाखालून दुसरं नाक आलं. जाड, गोल, बटाट्यासारखं.

शिडी सरकवून खापरपणजोबांच्या नाकाचा कोपरा तपासला. तिथेही तेच!

आजोबांचं मात्र अस्सल. एकच थर, बारीक नाक. त्यांच्या मुलाचंही, म्हणजे थोरल्यांच्या वडिलांचंही.

म्हणजे आजोबा बाहेरून आले, आणि त्यांच्याआधीच्यांना त्यांचं नाक बसवलं? मी तिसऱ्यांदा बोटांवर पिढ्या मोजल्या. तसंच येतंय. सांगावं की झाकावं?

११ मार्च, मंगळवार

सांगितलं. झाकता आलं नाही, पणजोबांना दोन नाकं होती.

मालक शिडी चढून आले. बराच वेळ पाहिलं. मग हळूच स्वतःच्या नाकाला हात लावला. बारीक, सरळ, टोकाला वाकलेलं.

"म्हणजे मी कोण रे?"

मला काय विचारता, मालक! असं म्हणालो नाही. शिडी धरून उभा राहिलो.

"आजोबा मला घोड्यावर पुढ्यात घेऊन शिवार दाखवायचे," ते म्हणाले. "म्हणायचे, ही माती आपल्याला ओळखते."

उतरले आणि शेताकडे निघून गेले. काम चालू ठेवायचं की बंद, ते अधांतरीच.

१२ मार्च, बुधवार

मालक फिरकले नाहीत. दिवसभर कुंचले धुतले. धुतलेले पुन्हा धुतले.

आई रात्री म्हणाली, "जेवताना नाक काय चाचपतोयस?" मी विचारलं, मी कोणावर गेलोय? "मामावर. त्याला भाजीत मीठ टाक म्हटलं तरी तीनदा विचारायचा, टाकू ना? नक्की टाकू ना?"

१५ मार्च, शनिवार

मालक आले. दाढी वाढलेली.

"कर काम. सगळ्यांना पोराचं नाक दे. खालचं खरवडू नकोस, आहे तिथे राहू दे."

तुमच्या नाकाचं काय, मी विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. "मी आईवर गेलोय म्हणेन. आईला कोण तपासतंय."

जाता जाता थांबले. "आजोबांचं शेवटी कर. जरा हळू हाताने."

२१ मार्च, शुक्रवार

आजोबांचं झालं. मालक शिडीच्या पायथ्याशी बसून होते, पाठ करून.

२३ मार्च, रविवार

चित्रांच्या देखरेखीला मालकांनी मास्तरांना आणि मलाही बोलावलं होतं.

एवढे भाऊबंद जमले, पण एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही! कोणाचं पोपटासारखं, कोणाचं नुसती गाठ. मी मास्तरांना खुणावलं. ते म्हणाले, "खाली बघ."

भिंगकाका पणजोबांसमोर उभे राहिले. भिंग लावलं. मग हुंगलं!

"वास येतोय."

"वार्निश, साहेब," मास्तर म्हणाले. "पुसल्यावर लावावंच लागतं."

"हं." धाकट्यांना पुढे बोलावलं. भिंगातून आधी त्यांना पाहिलं, मग चित्राला, मग परत त्यांना. धाकटे एखादं जनावर बाजारात उभं असावं तसे उभे होते.

"रक्त आहे बाबा," काका म्हणाले. "लपतंय होय!"

टाळ्या. एक काकू तर म्हणाल्या, "मी केव्हापासून सांगतेय!" थोरल्यांनी डोळे पुसले, खरोखरचे. धाकट्यांना जवळ घेतलं. धाकट्यांनी पाया पडण्याइतपत वाकून घेतलं, बस्स. बाकी चेहरा कोरा.

मी शिडी उचलत होतो, तर भिंगकाकांनी कोपरापाशी धरलं. आता सगळं संपलं, असं वाटलं.

"काम सफाईदार आहे तुझं," ते कानाशी म्हणाले. "आमच्याकडे सहा चित्रं आहेत. माझ्या मुलाचे कान जरा... येशील का एकदा?"

मी "बरं" म्हणालो.

२७ मार्च, गुरुवार

धाकटे दुकानात आले. एकटेच. मला वाटलं, कुठेतरी रंग उडाला!

म्हणाले, "आईचं चित्र हवंय. जिने मला देऊन टाकलं, तिचं."

फोटो? नाही. चेहरा आठवतो? नाही. मग कशावरून काढू?

ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "या चेहऱ्यावरून."

मी कागद लावला. वय किती धरू, विचारलं.

"मला दिलं तेव्हा बावीस वर्षांची होती म्हणे."

बावीस. माझ्याएवढी.

"त्याहून मोठी करू नका तिला," ते म्हणाले.